बारा सेकंदांचं पान

वेंडेल काकांचं कार्ड मी मारलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या तिसाबोदोन गावात ही गोष्ट कुणीही सांगायला घेतली की पहिलं वाक्य हेच असतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्याच तोंडून बाहेर पडलेलं बरं. मारलं तेसुद्धा दारू पाजून.

ऑक्टोबरातला रविवार होता. काकांच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्यांचा अमिगा संगणक टेबलावर उताणा पडला होता. वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, काका त्याच्या पोटाचं झाकण काढून आतलं कार्ड बाहेर घेत आणि त्याचे सोनेरी दात स्पिरिटने पुसत. हे कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी. संगणकाच्या पोटात ती बसवली की त्याचा वेग दुप्पट होतो आणि स्मरणशक्तीही वाढते. मी बॅटरी धरून उभा होतो. माझी योग्यता बॅटरी धरण्याइतकीच आहे हे काकांचं मत तोवर जरा अन्यायाचं वाटायचं मला.

तेवढ्यात फोन वाजला. कुणाची तरी हंसीण हरवली होती. काका उठता उठता म्हणाले, "ओडोन, फडताळावरची बाटली घे आणि कापसाने दात पूस. बाकी कशाला हात लावू नकोस."

फडताळावर बाटल्या दोन होत्या. दोन्ही मिनरल वॉटरच्या, दोन्ही हिरव्या, आणि मिनरल वॉटर दोन्हीत नव्हतं. आमच्याकडे घरी गाळलेली फळांची दारू, म्हणजे पालिंका, कायम मिनरल वॉटरच्याच बाटलीत असते, आणि बाटलीवर काही लिहायचं म्हणजे पाहुण्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. कुठल्या बाटलीत काय आहे हे नाकाने ओळखायचं, अशी रीत. माझं नाक चार दिवसांपासून चोंदलेलं होतं. मी त्यातल्या त्यात भरलेली बाटली उचलली. ती पाद्रीबाबांनी काकांना त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला दिलेली, मध घातलेली आलुबुखाराची पालिंका निघाली. मी कार्डाचे दात पुसले, मागून पुसले, पुढून पुसले, उरलेल्या बोळ्याने मधल्या चिपाही पुसून घेतल्या. कार्ड असं चकाकलं की मला माझाच अभिमान वाटला.

काका आले, त्यांनी कार्ड बसवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. स्वयंपाकघरातून एतेल्का काकूंनी विचारलं, पॅनकेक कोण भाजतंय. मग झाकणाच्या फटीतून धुराचा एक बारीक दोरा वर आला, आणि काकूंच्या ओट्याशेजारच्या टीव्हीवर चॅनेल नऊ काळं झालं.

काकांनी बाटली उघडली, वास घेतला, बूच लावलं आणि बाटली जागेवर ठेवली. संगणक वाचला होता. कार्ड मेलं होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोमवारी सुखाने टपाल कचेरीत जाऊन बसलो असतो.

चॅनेल नऊ म्हणजे काकांचं चित्रपत्र. आमच्या केबलवर हे एकच चॅनेल असं आहे की ज्यावर कुणी गात नाही, नाचत नाही. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं येतात. एक पान बारा सेकंद थांबतं, मग दुसरं येतं. शेहेचाळीस पानं. आज कुठल्या डॉक्टरची पाळी, कुठल्या गल्लीत पाणी बंद, डुकराची पिल्लं कुणाकडे विकायला आहेत, कुणाचा कुत्रा पळाला, आणि कोण गेलं.

बोद्रोगी वेंडेल, म्हणजे आमचे काका, मूळचे टीव्ही दुरुस्त करणारे. सरकारी दुरुस्ती केंद्रात ते अठ्ठेचाळीस सालच्या रेडिओपासून रंगीत टीव्हीपर्यंत सगळं उघडून बसले. केंद्र बंद पडल्यावर, म्हणजे त्र्याण्णव साली, त्यांनी व्हिएन्नाहून आणलेला हा संगणक नगरपालिकेसमोर ठेवला आणि म्हणाले, याच्यावर मी गावाचा फळा चालवतो. तेव्हापासून तेवीस वर्षं तो फळा ते दोन बोटांनी टंकत आले. लोक चिठ्ठ्या आणून पेटीत टाकतात, काका त्या दुरुस्त करतात. 'सुंदर, हुशार, प्रेमळ बोकड' असं कुणी लिहून दिलं तर पडद्यावर 'बोकड' येतो. हात बघणाऱ्यांच्या जाहिराती ते घेत नाहीत. मागे एका बाईने तंबी दिली की तुमचं भविष्य वाईट आहे, तर काकांनी तिला त्या भविष्याची तारीख विचारली, म्हणजे पान आधीच तयार करून ठेवता येईल.

आणि घंटा. गावात कुणी वारलं की देवळाची छोटी घंटा वाजते. बाईमाणूस असेल तर दोनदा थांबून, पुरुष असेल तर तीनदा. पण कोण, हे घंटा सांगत नाही. पूर्वी बायका फाटकापर्यंत येऊन एकमेकींना विचारायच्या. गेली तेवीस वर्षं घंटा वाजली की सगळं गाव हातातलं टाकून चॅनेल नऊ लावतं.

हे सगळं चालायचं ते काकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. आता त्या प्रोग्रॅमची गोम सांगतो, कारण पुढचा सगळा जीवघेणा प्रकार तिच्यामुळे झाला. एक तर कार्डावरची जास्तीची स्मृती नसेल तर तो सुरूच होत नाही. दुसरं म्हणजे तो घड्याळ बघत नाही. पान दाखवलं की तो मनातल्या मनात आकडे मोजतो आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की पान उलटतो. काकांच्या कार्डाच्या वेगाने तो आकडा बरोबर बारा सेकंदांत यायचा. हे बारा काकांनी काकूंना समोर बसवून ठरवले होते. त्र्याण्णव साली काकूंनी पान मोठ्याने वाचलं, काकांनी हातात घड्याळ धरलं. आता तो आकडा बदलायचा म्हटलं तर ज्या फ्लॉपीत प्रोग्रॅमचं मूळ लिखाण होतं त्या तिसा नदीच्या पुरात भिजून गेल्या होत्या. प्रोग्रॅम उरला होता, पण त्याच्या आत हात घालायची वाट उरली नव्हती.

सोमवारी सकाळी काकांनी केबल कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड बोलली आणि तिने करार वाचून दाखवला. चॅनेल सलग सात दिवस बंद राहिलं तर जागा कंपनीकडे परत जाईल. रविवारी दुपारी बारा वाजता त्या जागी तवे आणि गाद्या विकणारं चॅनेल सुरू होईल, त्याची तयारीही झालेली आहे. मी म्हटलं, नवा संगणक जोडू. तर त्याला नवा करार लागणार, आणि नव्या करारात गावाचं चॅनेल असा प्रकारच नाही. मी म्हटलं, एखादं पान नुसतं लावून ठेवू. तर करारात लिहिलंय की पानं बदलती हवीत आणि वाचता येतील अशी हवीत. कुणी उद्या चॅनेलवर काहीही टाकू नये म्हणून हे कलम त्र्याण्णव साली कंपनीच्या गळी कुणी उतरवलं होतं, तर वेंडेल काकांनी.

काकू म्हणाल्या, "स्वतःला कोंडायचं कुलूपसुद्धा बाजारातलं चालत नाही यांना. घरी बनवतात."

सोमवारी दिवसभर फोन वाजत होता. काका प्रत्येकाला सांगत, तांत्रिक अडचण. माझं नाव त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. ते काकूंनी सांगितलं. मंगळवारी टपाल कचेरीत माझ्या खिडकीसमोर रांग लागली, आणि त्यातल्या निम्म्यांना तिकिटं नको होती. एका म्हाताऱ्याने तर खिडकीतून वाकून मला वास घेऊन बघितला.

आणि मंगळवारीच घंटा वाजली. दोनदा थांबली. मी खिडकीतून बघत होतो. समोरच्या बेकरीतल्या बाईने पिठाचे हात तसेच ठेवून टीव्ही लावला, आणि मग काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली. मला वाटतं सगळं गावच तसं उभं होतं.

गेलेली बाई म्हणजे चांभारगल्लीतली तेरेझ म्हातारी, वय एक्याण्णव. नात्यातलं कुणी जवळ नव्हतं. गुरुवारी तिला पुरलं तेव्हा कबरीपाशी पाद्रीबाबा सोडून पाच माणसं होती, आणि त्यातली दोन खड्डा खणणारी. आमच्याकडे अंत्यविधीला दीडशे माणूस सहज जमतं, अगदी ज्याच्याशी उभा दावा होता त्याच्याही. उरलेल्या तिघांत काका, काकू आणि मी. म्हातारी गेल्याचं आम्हाला कळलं ते पाद्रीबाबांनी चिठ्ठी पेटीत टाकली म्हणून. काकांनी काळा कोट घातला होता आणि चिठ्ठी खिशात होती. परत येताना त्यांनी ती दोनदा काढून वाचली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा काकूंनी ती हातातून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकली.

त्या दिवसापासून काकांनी जेवण टाकलं. काकू चरबी लावलेला पाव आणि कांदा समोर ठेवायच्या, संध्याकाळी तोच पाव उचलून न्यायच्या. काका बंद संगणकासमोर हात मांडीवर ठेवून बसायचे. एकदा मी आत डोकावलो तर ते बोटांनी मांडीवर काहीतरी टंकत होते.

मी काही अगदीच हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. सोमवारीच मी इंटरनेटवर विचारणा केली होती की अमिगासाठी चांगलं वेगवर्धक कार्ड कुठे मिळेल. या दुनियेत चांगलं म्हणजे वेगवान, एवढी अक्कल मला होती. बुडापेश्टच्या एका भल्या माणसाने आपलं नवंकोरं कार्ड, सध्या मिळतं त्यातलं सगळ्यात वेगवान, कुरियरने आठवड्याभरासाठी पाठवलं. शुक्रवारी सकाळी ते आलं. मी ते काकांसमोर ठेवलं तेव्हा पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी ते बसवलं. मला बॅटरीसुद्धा धरू दिली नाही. प्रोग्रॅम सुरू झाला. आणि पडद्यावर निळं-पिवळं वादळ उठलं. शेहेचाळीस पानं, डॉक्टर, डुकरं, पाणी, कुत्रे, एका दमात निघून गेली आणि पुन्हा आली. डोळे मिटून उघडावेत तर गावाची आख्खी फेरी झालेली.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "कोण गेलं ते कळलं नाही. पण बरेच गेले असं वाटलं."

काकांनी घड्याळ धरून मोजलं. एका पानाला सेकंदाचा तिसरा हिस्सा. मी हळूच सुचवलं की रविवारपुरतं हेच लावू, चॅनेल तर वाचेल. काका म्हणाले, "वाचता येईल असं, असं लिहिलंय." मी म्हटलं, कंपनीची बाई कुठे वाचायला बसणार आहे. त्यांनी कार्ड काढून परत खोक्यात ठेवलं, आणि मी जे बोललो ते मला परत गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी सोल्नोकला जुन्या संगणकवाल्यांचा मेळावा होता. तिथे ही सगळी कार्डं एका छपराखाली येतात. मी गाडी काढली. मागच्या सीटवर काका संगणक मांडीवर घेऊन बसले, पाळण्यातलं मूल धरावं तसा, आणि पुढे काकू. त्यांना का घेतलं हे काकांनी सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही.

सांस्कृतिक भवनाच्या मोठ्या खोलीत साठ-सत्तर टेबलं. प्रत्येक टेबलावर पिवळट पडलेला एक संगणक, आणि त्यामागे तितकाच फिका पडलेला एक गृहस्थ. भिंतीवर एक लांबलचक तक्ता लावला होता. कुठलं कार्ड कुठल्या साली निघालं, किती वेगाने धावतं, एक ठरावीक चित्र रंगवायला किती वेळ घेतं. एकूण एकोणपन्नास कार्डं. सगळ्यात वर तेच होतं जे आदल्या दिवशी आमच्याकडे वादळ उठवून गेलं. हा तक्ता राखणारे बेनेडेक नावाचे गृहस्थ, चाळिशीचे, दाढीवाले, शाळेत गणित शिकवणारे. त्या तक्त्यातला दशांश चुकला म्हणून त्यांनी म्हणे एका मित्राशी दोन वर्षं अबोला धरला होता.

काका तक्त्यापाशी गेले आणि वाचायला लागले. खालून.

बेनेडेकनी मदत करायला म्हणून विचारलं, काय हवंय. काकांनी विचारलं, "याहून हळू काही आहे का?"

बेनेडेकना वाटलं हा म्हातारा थट्टा करतोय. त्यांचे कान लाल झाले. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मला मध्ये पडावं लागलं. मी सगळं सांगितलं, पालिंकेसकट. पालिंकेपाशी ते सगळे गंभीर झाले. एक जण तर टोपी काढून उभा राहिला, म्हणाला, माझ्या मेव्हण्याने चेरीच्या दारूने पुसलं होतं.

बेनेडेकनी विचारलं, तुमचं कार्ड कुठलं होतं. काकांनी नाव सांगितलं. बेनेडेक आम्हाला आपल्या टेबलाकडे घेऊन गेले. काचेच्या पेटीत एक खोका होता. त्याच कार्डाचा, त्र्याण्णव सालचा, कारखान्यातून निघाला तसा, वरची चिकटपट्टीही न फोडलेला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे देशात असा दुसरा नव्हता.

काका काचेपाशी उभे राहिले. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं, शेजाऱ्याकडे मीठसुद्धा नाही. ते मागायला लागले. आवाज इतका खाली गेला होता की बेनेडेकना वाकावं लागलं. ते म्हणाले, एक महिना द्या. मग म्हणाले, एक आठवडा. मग म्हणाले, उद्या दुपारचे बारा वाजू देत फक्त, मी स्वतः आणून देतो, पट्टी जपून सोडवेन, मला सोडवता येते, मी चाळीस वर्षं हेच केलंय. त्यांचे दोन्ही हात काचेवर होते. काकू दुसरीकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे बघत होतो.

बेनेडेक नाही म्हणाले. खरं सांगायचं तर रागाने नाही म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. ते घामाघूम झाले होते. म्हणाले, पट्टी एकदा सोडवली की ते नुसतं एक जुनं कार्ड होईल, तशी जगात शेकडो आहेत.

"शेकडो असतील," काका म्हणाले. "माझ्याकडे एकही नाही."

बेनेडेक उठून कुठेतरी गेले. आम्हाला वाटलं संपलं. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी संगणकाभोवती आणलेली शाल पुन्हा गुंडाळायला घेतली. तेवढ्यात बेनेडेक हातात पुठ्ठ्याची पेटी घेऊन परत आले. पेटीत खोलीभरातून गोळा केलेली अकरा कार्डं होती. आपण एकेक लावून बघू, म्हणाले, पण मोजायचं कसं ते तुम्ही सांगा, माझ्या मोजमापाचा इथे उपयोग नाही.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पर्स उघडली, चष्मा काढला आणि त्यातूनच तेरेझ म्हातारीची चिठ्ठी काढून काकांपुढे ठेवली. काकांनी ती दोन बोटांनी पान म्हणून टंकली. काकू खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या, आणि काकांनी घड्याळ हातात घेतलं.

पहिलं कार्ड. काकू म्हणाल्या, "अत्यंत," आणि पान गेलं. एक सेकंद. दुसरं कार्ड पोलिश होतं, त्यावर काकू "अत्यंत दुःखाने" इथवर पोचल्या. जर्मन कार्डावर त्यांना "कळवण्यात येते की" सापडलं. प्रत्येक कार्डाचा मालक आपलं कार्ड लागलं की पुढे सरकायचा आणि ते हरलं की खट्टू होऊन मागे जायचा. आयुष्यभर ज्या वेगावर मिरवले तो वेग एका म्हातारीच्या तोंडासमोर कमी पडावा, म्हणजे जास्त पडावा, याची त्यांना सवय नव्हती. शेजारच्या टेबलांवरचे खेळांचे आवाज एकेक करून बंद झाले. सगळे काकू कुठवर पोचतात ते ऐकत होते. सहाव्या कार्डावर तेरेझ म्हातारीचं नाव आलं. आठव्यावर वय. दहावं कार्ड हळू होतं, पण त्यावर स्मृती पुरेशी नव्हती, प्रोग्रॅम उठलाच नाही. काकांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली होती.

अकरावं कार्ड बेनेडेकचं स्वतःचं. चौऱ्याण्णव सालचं, तक्त्यात खालून पाचवं. ज्याला दुसरं परवडत नाही त्याने घ्यायचं, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. ते लावलं, तर सहा सेकंद. काकांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. बेनेडेक म्हणाले, थांबा. या कार्डावर एक छोटी जलद स्मृती असते, ती बंद करायची सोय आहे. आजवर ती कुणी वापरलेली नाही, कारण विकत घेतलेला वेग कमी कोण करतो. त्यांनी एक बारीक खुंटी उपटली. पुन्हा लावलं.

काकूंनी वाचायला सुरुवात केली. अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की. नाव. वय. चांभारगल्ली. गुरुवार, दुपारी दोन. आणि देवळाचं नाव ओठांवर असताना पान उलटलं.

"नऊ," काका म्हणाले.

खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि काकांचा चेहरा बघून थांबवली. बेनेडेकनी कार्ड तसंच ठेवा म्हणून सांगितलं, लागेल तितके दिवस ठेवा. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात उजवीकडे हाताने एक नवा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर काय लिहावं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'एतेल्काबाई'.

परतीच्या वाटेवर मी उड्या मारायच्या बेतात होतो. काका मागून म्हणाले, तीन कमी आहेत. मी म्हटलं, काका, तीनच. ते म्हणाले, त्या तीन सेकंदांत देऊळ होतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांच्याकडे पोचलो तर काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, आणि संगणकापासून केबलच्या पेटीकडे जाणारी वायर पेटीत नव्हती, टेबलावर होती. दहा वाजले. अकरा वाजले. काकूंनी कोंबडीचं सूप चुलीवर चढवलं. मी सहनशक्ती संपून बोललो की काका, पानांतले शब्द तरी कमी करू. काका म्हणाले, लोकांनी रडत लिहून दिलेलं असतं, त्यातलं काय काढू. मी म्हटलं, अत्यंत काढा. ते म्हणाले, तू कधी कुणाचं लिहून दिलंयस का.

साडेअकराला कंपनीच्या बाईचा फोन आला. गोड आवाजात ती म्हणाली की बाराला त्यांच्याकडून आपोआप बदल होईल, काळजी नसावी. काकूंनी फोन ठेवला आणि झारा हातात तसाच घेऊन आत आल्या.

"बारा सेकंद माझे होते ना? मी शेहेचाळीसची होते, चष्मा नव्हता, आणि घाईत होते, चुलीवर दूध होतं. आता मला पंधरासुद्धा पुरत नाहीत. तेवीस वर्षांत एकदा तरी विचारलंत का, एतेल्का, पुरतंय का म्हणून?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग विचारलं, "मग पान अर्ध्यात गेलं की काय करत होतीस?"

"सूप करत होते," काकू म्हणाल्या आणि परत गेल्या.

काका उठले. त्यांनी खोलीतला छोटा टीव्ही संगणकाला जोडला, आपली कायमची खुर्ची सोडली आणि मी बसतो त्या स्टुलावर जाऊन बसले. मला वाटतं तेवीस वर्षांत त्यांनी आपलं चॅनेल समोर बसून, नुसतं वाचायला म्हणून, पहिल्यांदाच पाहिलं. शेहेचाळीस पानांना जवळजवळ सात मिनिटं लागली. त्यांचे ओठ हलत होते. कुठे पुरं होत होतं, कुठे अर्ध्यात सुटत होतं. फेरी संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माझी नजर घड्याळावरून हलत नव्हती. बाराला तेरा मिनिटं. दहा. मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्या घरात ओरडायचा माझा हक्क मागच्या रविवारीच संपला होता. दुसऱ्या फेरीत तेरेझ म्हातारीचं पान आलं, ते अजून काढलेलं नव्हतं. काका पुढे झुकले. पान उलटलं. ते तसेच झुकलेले राहिले.

बाराला चार मिनिटं कमी असताना ते उठले आणि त्यांनी वायर पेटीत घातली.

स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर काळं जाऊन निळं आलं. काकूंच्या हातातून झाकण पडलं. मी धावत तिकडे गेलो. पिवळी अक्षरं येत होती, बदलत होती. देवळातले बाराचे टोले पडले, मी ते एकेक मोजले, आणि टोले संपल्यावरही पडद्यावर गाद्या आल्या नाहीत. आली ती कुणाच्या तरी डुकराची पिल्लं.

काका माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. मला त्यांना काहीतरी चांगलं म्हणायचं होतं, आठवडाभर साठलेलं. पण तेवढ्यात हरवलेल्या हंसिणीचं पान आलं आणि फोन नंबरापाशी माझी नजर पोचते न पोचते तोच गेलं.

मी म्हणालो, "काका, मला शेवटची ओळ वाचताच आली नाही."

"परत येईल तेव्हा वाच."